वीस वर्षांची अट : सरकारी पैसा, कॉलेजच्या इमारती आणि टिल्टन खटला

न्यू हेवन हे कनेक्टिकट राज्यातलं शहर आपल्याला येल विद्यापीठामुळे माहीत असतं. त्याच शहरात आल्बर्टस मॅग्नस नावाचं एक लहान कॉलेज आहे, डॉमिनिकन सिस्टर्सनी, म्हणजे कॅथलिक जोगिणींच्या एका संघाने, १९२५ साली मुलींसाठी काढलेलं. १९६० च्या दशकात या कॉलेजला केंद्र सरकारच्या अनुदानातून भाषा-प्रयोगशाळा मिळाली. विद्यार्थिनींचे आधुनिक परकीय भाषांमधले उच्चार सुधारावेत, एवढाच तिचा उद्देश. त्या काळच्या अशा प्रयोगशाळांची रीत साधी होती. कानाला हेडफोन लावायचा, टेपवरचं वाक्य ऐकायचं आणि तसंच म्हणून बघायचं. यात देवाधर्माचा संबंध कुठे आला, असं कुणालाही वाटेल. तरी ही प्रयोगशाळा आणि तिच्यासारख्या आणखी चार इमारती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि तिथे न्यायाधीशांत फूट पडली.

खटल्याचं नाव टिल्टन विरुद्ध रिचर्डसन. निकाल २८ जून १९७१ चा. सरकार आणि धर्म यांच्या नात्यावर आपल्याकडे खूप बोललं जातं, पण त्या चर्चेत वीट आणि सिमेंट क्वचित येतं. पगार वर्षाला दिला जातो, शिष्यवृत्ती विद्यार्थी घेऊन जातो. इमारत मात्र जागेवरच राहते. पैसे देणारं सरकार बदलतं, घेणारे प्राचार्य निवृत्त होतात, भिंती तिथेच असतात. मग पैसे देताना घातलेली अट किती वर्षं जिवंत राहते? या खटल्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच प्रश्न.

मी बरीच वर्षं एका अनुदानित कॉलेजच्या कार्यालयात काम केलं आहे. अनुदान आलं की निविदा, मोजमाप पुस्तिका, डेडस्टॉक रजिस्टर आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, हे सगळं हाताखालून गेलेलं आहे. 'मंजूर रक्कम ज्या कारणासाठी दिली त्याच कारणासाठी खर्च झाली' असं एक वाक्य त्या प्रमाणपत्रात असतं. त्याखाली प्राचार्यांची आणि सनदी लेखापालाची सही झाली की फाइल बंद. बांधलेल्या खोलीत दहा वर्षांनी काय चालतं, हे विचारायला माझ्या टेबलापाशी कधी कुणी आलं नाही. म्हणून टिल्टनचा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मी 'वीस वर्षं' या दोन शब्दांवर थबकले.

कायदा आणि त्यातली मेख

दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी १९६० च्या दशकात अमेरिकी कॉलेजांच्या दाराशी येऊन उभी राहिली. वर्ग कमी, ग्रंथालयं लहान, प्रयोगशाळा जुन्या. त्यातच १९५७ साली सोव्हिएत युनियनने स्पुटनिक सोडलं आणि विज्ञान, गणित, परकीय भाषा हे विषय राष्ट्राच्या सुरक्षिततेचे होऊन बसले. अध्यक्ष केनेडी यांनी कॉलेजांच्या बांधकामासाठी कायदा मांडला होता. तो मंजूर होऊन त्यावर सही झाली ती १६ डिसेंबर १९६३ ला, लिंडन जॉन्सन यांच्या हातून. केनेडींची हत्या होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

केनेडी स्वतः कॅथलिक. सरकारने धर्म प्रस्थापित करू नये असं अमेरिकेची घटना म्हणते; चर्चच्या शाळांना सरसकट सरकारी पैसा देणं तिच्यात बसत नाही, असं त्यांनी १९६१ साली उघड सांगितलं होतं. कॉलेजांची गोष्ट वेगळी धरली गेली. देशातल्या खाजगी कॉलेजांमध्ये चर्चशी नातं असलेली कॉलेजं इतकी होती की त्यांना वगळून उच्च शिक्षणाची वाढ करणं अवघडच होतं. म्हणून उच्च शिक्षण सुविधा कायद्यात संस्थेला मनाई नव्हती, वापराला होती. धर्मशिक्षणासाठी किंवा उपासनेसाठी वापरली जाणारी, किंवा धर्मोपदेशक घडवणाऱ्या विभागाच्या कामाची इमारत अनुदानाला पात्र नाही. बाकी अर्जदार कॉलेज कॅथलिक असो, बॅप्टिस्ट असो, कुणाचंही असो.

कॉलेजने तसं लेखी आश्वासन द्यायचं आणि शिक्षण खात्याचे अधिकारी जागेवर येऊन तपासणी करणार. अट मोडली तर वसुली. ती करण्याची पद्धत विचारपूर्वक ठरवलेली होती. मूळ खर्चात सरकारचा जेवढा हिस्सा, तेवढाच हिस्सा इमारतीच्या आजच्या किमतीतून परत घ्यायचा. समजा इमारतीला नऊ लाख डॉलर लागले, त्यातले तीन लाख सरकारचे. काही वर्षांनी तिथे प्रार्थनागृह झालं आणि त्या वेळी इमारतीची किंमत सहा लाख असली, तर सरकार दोन लाख मागणार. मेख होती ती मुदतीत. सरकारचा हा हक्क वीस वर्षांपुरताच. एकविसाव्या वर्षी कॉलेजने त्याच इमारतीत वेदी उभारली तरी सरकारला पै मागता येणार नव्हती.

चार कॉलेजं, पाच इमारती

आव्हान दिलं ते कनेक्टिकटमध्ये राहणाऱ्या करदात्या नागरिकांनी. आपल्याला जनहित याचिकेची सवय असल्यामुळे यात काही विशेष वाटत नाही. अमेरिकेत मात्र केंद्र सरकारच्या खर्चाविरुद्ध 'मी कर भरतो' एवढ्या आधारावर कोर्टात जायला १९२३ पासून जवळजवळ बंदीच होती. १९६८ च्या फ्लास्ट विरुद्ध कोहेन निकालाने ते दार थोडंसं उघडलं, तेही सरकारी खर्चातून धर्माला मदत होते अशा तक्रारीपुरतं. त्या फटीतून हा खटला आत आला.

चारही कॉलेजं कॅथलिक. पण ती एका छापाची नव्हती. फेअरफील्ड जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं, १९४२ साली स्थापन झालेलं. त्याच्या दोन इमारती खटल्यात होत्या, एक विज्ञानाची आणि एक ग्रंथालयाची. सेक्रेड हार्ट हे ब्रिजपोर्टच्या बिशपनी १९६३ मध्ये काढलेलं विद्यापीठ, पण चालवायचं ते धर्मगुरूंनी नाही, सामान्य संसारी कॅथलिक माणसांनी, असा पायंडा त्यानेच देशात पहिल्यांदा पाडला. त्याचंही ग्रंथालय खटल्यात. अ‍ॅनहर्स्ट हे साउथ वुडस्टॉक या खेड्यातलं, सिस्टर्सनी चालवलेलं मुलींचं छोटं कॉलेज. तिथे संगीत, नाट्य आणि कलेची इमारत. आणि आल्बर्टस मॅग्नसची भाषा-प्रयोगशाळा.

करदात्यांच्या बाजूने लिओ फेफर उभे राहिले. धर्म आणि राज्यसंस्था वेगळ्या ठेवण्यासाठी आयुष्यभर लढलेला हा वकील स्वतः धर्मनिष्ठ ज्यू होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सरकारचा पैसा धर्माकडे येऊ नये हा आग्रह धर्माच्या शत्रूंचाच असतो, हा समज अशा माणसांकडे पाहिलं की गळून पडतो. सरकारी पैशाबरोबर सरकारी हात येतो आणि अल्पसंख्य समाजाला तो आधी जाणवतो.

फेफर यांच्या बाजूने एक पूर्वउदाहरण होतं. १९६६ मध्ये मेरिलँडच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने अशाच चार कॉलेजांची बांधकाम अनुदानं तपासली होती. त्यांपैकी एक मेथडिस्ट, दोन कॅथलिक आणि एक हूड कॉलेज, ज्याचं चर्चशी नातं सैल होतं. न्यायालयाने प्रत्येक कॉलेजचा स्वभाव निरखला. विश्वस्त कोण, पैसा कुठून, शिक्षक कोणत्या धर्माचे, दिनक्रमात उपासनेला जागा किती. तिघांची अनुदानं चार विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली, हूडचं तेवढं टिकलं. म्हणजे इमारतीत काय चालतं यापेक्षा कॉलेज कसं आहे हे महत्त्वाचं, असा तो रस्ता होता.

कनेक्टिकटच्या तीन न्यायाधीशांच्या केंद्रीय न्यायालयाने मात्र कायदा वैध ठरवला. मार्च १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले. कॉलेजांतर्फे एडवर्ड बेनेट विल्यम्स होते, त्या काळातले वॉशिंग्टनचे सर्वांत गाजलेले वकील.

भिंती तटस्थ असतात, शिक्षक नसतात

२८ जून १९७१ हा दिवस विलक्षण होता. त्याच दिवशी न्यायालयाने मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांची शिक्षा रद्द केली. धर्मश्रद्धेमुळे सैन्यात जायला नकार दिला म्हणून ती झाली होती. त्याच दिवशी लेमन विरुद्ध कर्ट्झमन हा निकाल आला. पेनसिल्व्हेनिया आणि ऱ्होड आयलंड ही राज्यं चर्चच्या शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराला हातभार लावत होती, ते घटनाबाह्य ठरलं. आणि टिल्टनमध्ये कॉलेजच्या इमारतींना दिलेला पैसा घटनेत बसतो असं ठरलं. दोन्ही निकालांचं मुख्य लिखाण सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांचंच. एकाच हाताने सकाळी एक दार बंद केलं आणि दुसरं उघडलं, म्हणून फरक नीट समजून घ्यायला हवा.

बर्गर यांचं पहिलं म्हणणं विद्यार्थ्यांच्या वयाबद्दल होतं. सात वर्षांचं मूल शिक्षक सांगेल ते खरं मानतं, कॉलेजातला मुलगा प्रश्न विचारतो. शिवाय कॉलेजातल्या विषयांना स्वतःची शिस्त असते, रसायनशास्त्राला पंथ नसतो. चारही कॉलेजांत इतर धर्मांचे विद्यार्थी आणि शिक्षक होते. उपासनेला हजेरीची सक्ती कुठेच नव्हती. धर्मविद्येचे तास सक्तीचे होते, पण ते एका पंथाची शिकवण म्हणून नाही तर अभ्यासविषय म्हणून घेतले जात, आणि आल्बर्टस मॅग्नस व सेक्रेड हार्ट इथे त्यातले काही तास रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, घेत. कॅथलिक कॉलेजात रब्बी धर्मविद्या शिकवतो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ग्रंथालयाच्या बाबतीत साक्ष अशी निघाली की अमुक पुस्तक ठेवू नका असा हुकूम चर्चकडून ग्रंथपालांना कधी आलेला नव्हता. पाचही इमारतींत कुठे क्रूस नाही, कुठे धार्मिक पाटी नाही, कधी प्रार्थना झालेली नाही.

कॉलेजांच्या काही नियमपुस्तिकांत, काय शिकवावं याबद्दल धार्मिक बंधनं लिहिलेली होती, हेही पुढे आलं. ती प्रत्यक्षात पाळली जात नव्हती, असंही पुराव्यात दिसलं. करदात्यांच्या वकिलांनी निरनिराळ्या पंथीय कॉलेजांतून एकेक लक्षण गोळा करून एक 'नमुनेदार धार्मिक कॉलेज' उभं केलं होतं. बर्गर म्हणाले, अशा काल्पनिक कॉलेजवर आम्ही निकाल देणार नाही, समोर असलेली चार कॉलेजं बघू. इथे मी त्यांच्या बाजूने आहे. माणसाला त्याच्या जमातीच्या सरासरीवरून तोलू नये, तसं संस्थेलाही तोलू नये.

दुसरा मुद्दा मदतीच्या प्रकाराचा. शिक्षक धर्माबाबत तटस्थ राहीलच असं नाही, पण इमारतीला मत नसतं. पगार द्यायचा तर शिक्षक वर्गात काय बोलतो यावर कायम नजर ठेवावी लागेल आणि सरकार धर्मसंस्थेच्या कारभारात गुंतत जाईल. बांधकामाचं अनुदान एकदाच दिलं जातं, हिशेब एकदाच होतो, दरवर्षीची झटापट उरत नाही.

या विचाराला पाच मतं मिळाली असं मात्र नाही. बर्गर यांच्याबरोबर हार्लन, स्ट्युअर्ट आणि ब्लॅकमन, असे चारच. पाचवं मत बायरन व्हाइट यांचं, आणि त्यांचं कारण अगदी वेगळं होतं. त्यांच्या मते शाळेचा पगारही वैध आणि कॉलेजची इमारतही वैध. लेमनमध्ये त्यांनी आपल्या सहकाऱ्यांची अडचण नेमकी दाखवून दिली. वर्गात धर्म शिकवला जाणार नाही याची खात्री नसेल तर मदत अवैध. आणि ती खात्री करून घ्यायला सरकारने लक्ष ठेवलं, तर सरकार धर्मसंस्थेत गुंतलं म्हणून तीही अवैध. मग राज्याने करायचं काय?

डग्लस यांचा प्रश्न

विरोधात विल्यम डग्लस यांनी लिहिलं, ह्यूगो ब्लॅक आणि थरगुड मार्शल त्यांच्याबरोबर होते. विल्यम ब्रेनन यांनी स्वतंत्र विरोध नोंदवला. चर्च आणि राज्यसंस्था यांच्यामध्ये भिंत असावी, हे वाक्य १९४७ च्या एव्हरसन निकालात ठळकपणे आणलं ते ब्लॅक यांनीच. हे त्यांचं न्यायालयातलं शेवटचं सत्र होतं, सप्टेंबर १९७१ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात वारले.

डग्लस यांचा पहिला युक्तिवाद कार्यालयात काम केलेल्या कुणालाही लगेच पटेल. संस्थेची तिजोरी एकच असते. ग्रंथालयासाठी सरकारने दिलेले पैसे म्हणजे संस्थेचे ग्रंथालयावर खर्च न झालेले पैसे, आणि ते आता चॅपलसाठी, म्हणजे प्रार्थनागृहासाठी, मोकळे झाले. पैसा एकदाच दिला, दरवर्षी दिला नाही, एवढ्याने ही गोष्ट बदलत नाही. जेम्स मॅडिसन यांनी १७८५ मध्ये धर्मासाठी तीन पेन्सचा करही नको म्हटलं होतं, तो दाखला त्यांनी दिला.

पण त्यांचा दुसरा मुद्दा जास्त खोल आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. सरकारी इमारतीत धर्मशिक्षण नको ही अट पाळली जाते की नाही, हे कोण ठरवणार? तपासनीस. त्याला वर्गात काय चाललं आहे हे बघावं लागणार. मग मेथडिझमचा इतिहास हा विषय त्या इमारतीत शिकवता येईल का? धर्मसुधारणेच्या चळवळीकडे कॅथलिक नजरेने बघणारा प्राध्यापक तिथे व्याख्यान देऊ शकेल का? म्हणजे इमारतीची किंमत म्हणून सरकार कॉलेजच्या धर्मस्वातंत्र्याचाच एक तुकडा मागतं आहे. करदात्याचं स्वातंत्र्य जपण्यासाठी घातलेली अट शिकवणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर येऊन आदळते.

बर्गर म्हणाले होते की इमारत तटस्थ असते. डग्लस यांनी त्या इमारतीत माणूस उभा करून दाखवला. निकाल बर्गर यांचा लागला, पण इतक्या वर्षांनी वाचताना डग्लस यांचा प्रश्न मला अजून अनुत्तरित वाटतो.

आमच्या कॉलेजातही अनुदानातून भाषा-प्रयोगशाळा झाली होती. वीस संगणक, वीस हेडफोन, दोन वर्षांत सगळ्यांचे कानावरचे स्पंज गळून पडलेले. दाराशी अनुदानाची पितळी पाटी. खंडेनवमीला कर्मचारी तिथल्या मुख्य यंत्राला हार घालायचे, हळदकुंकू वाहायचे, पेढे वाटायचे. एका वर्षी स्वच्छतेला मदत करणाऱ्या मुलींपैकी एकीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, मलापण हळदकुंकू वाहावं लागेल का?" मी म्हटलं, "नाही गं, तुला नको असेल तर अजिबात नको." ती पेढा घेऊन गेली. मी दाराशी उभी राहून ती पाटी वाचत राहिले. सहायक कोण, रक्कम किती, साल कुठलं. मुलीला काय विचारायचं होतं याचं उत्तर त्या पाटीवर नव्हतं.

भारतीय घटनेने हा प्रश्न अमेरिकेपेक्षा वेगळ्या जागी पकडला आहे. कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण नाही. पण मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते चालू शकतं, फक्त कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीशिवाय, त्या शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. कलम ३०(२) म्हणतं, संस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे म्हणून अनुदान देताना भेदभाव करायचा नाही. टिल्टनमध्ये अट इमारतीला चिकटते, आपल्याकडे ती विद्यार्थ्याच्या बाजूने उभी राहते. त्या मुलीला मी जे उत्तर दिलं ते कलम २८(३) चंच होतं, त्या वेळी मला कलमाचा आकडा आठवत नव्हता एवढंच. याचं मूळ आणखी मागे, १८५४ च्या वुडच्या खलित्यात दिसतं. मिशनऱ्यांच्या शाळांनाही अनुदान द्यायचं, पण तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याने तिथल्या धर्मशिक्षणाकडे लक्षच द्यायचं नाही, असं तिथे ठरलं. अमेरिकेत तपासनीस धर्म शोधायला जात होता, इथे तो धर्माकडे बघायचाच नाही असं ठरलं होतं.

वीस वर्षं

आता मूळ मुद्दा. इमारती वैध ठरल्या, पण वीस वर्षांची मुदत टिकली नाही. या बाबतीत न्यायालयात वाद उरला नाही. इमारत वैध म्हणणारे आणि अवैध म्हणणारे, दोघांनाही ही मुदत चुकीची वाटली. बर्गर यांचं कारण सरळ होतं. भक्कम इमारतीला वीस वर्षांनंतर काहीच किंमत उरत नाही असं कसं मानायचं? ती त्यानंतर चॅपल झाली किंवा धर्मप्रचाराच्या कामी लागली, तर जेवढी किंमत उरली असेल तेवढी सरकारने धर्मसंस्थेला दिलेली देणगीच ठरते. इमारतीला मोल आहे तोवर अट राहिली पाहिजे. कायद्यातला तेवढा भाग काढून टाकला गेला, बाकी कायदा राहिला. मूळ कायद्याचा हेतू त्या मुदतीवाचून अडत नव्हता.

आमच्याकडे इमारतीच्या झिजेचा हिशेब घसाऱ्याने होतो. पुस्तकात किंमत दरवर्षी कमी होत जाते, एक दिवस ती शून्याजवळ येते. इमारत मात्र त्या दिवशीही पहिल्यासारखीच उभी असते, तिच्यात पोरं बसलेली असतात. १९६३ च्या कायद्याने अटीलाही घसारा लावला होता. न्यायालयाने सांगितलं की हिशेबाच्या वहीतलं आयुष्य आणि इमारतीचं आयुष्य एक धरता येणार नाही.

प्रश्न उलटा झाला

टिल्टननंतर दार आणखी उघडत गेलं. १९७३ मध्ये हंट विरुद्ध मॅकनेअर प्रकरणात साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या बॅप्टिस्ट कॉलेजला राज्याच्या प्राधिकरणामार्फत रोखे उभारून बांधकामासाठी स्वस्तात पैसा मिळवू देणं वैध ठरलं, सहा विरुद्ध तीन. १९७६ मध्ये मेरिलँडची वार्षिक अनुदानंही पाच विरुद्ध चार मतांनी टिकली. या काळात कसोटी एकच होती, कॉलेज 'आरपार धार्मिक' आहे का. नसेल तर पैसा मिळेल.

राज्यांच्या स्वतःच्या घटना मात्र अनेकदा जास्त कडक असतात, आणि तिथे निकाल वेगळे लागले. २००६ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने कम्बरलँड्स या बॅप्टिस्ट विद्यापीठाला औषधनिर्माणशास्त्राच्या इमारतीसाठी एक कोटी डॉलर मंजूर केले. शिक्षणासाठीचा सरकारी पैसा पंथीय संस्थेला देऊ नये असं राज्यघटनेचं कलम आहे, त्यावर बोट ठेवून केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती तरतूद रद्द केली. न्यू जर्सीत मतदारांनी २०१२ मध्ये कॉलेजांच्या इमारतींसाठी ७५ कोटी डॉलरच्या रोख्यांना मान्यता दिली. पुढच्या वर्षी त्या पैशांतून लेकवुडच्या येशिव्याला, म्हणजे ज्यू धर्मविद्येच्या पाठशाळेला, एक कोटी सहा लाख डॉलर आणि प्रिन्स्टनच्या ख्रिस्ती धर्मपीठाला ६,४५,३२३ डॉलर दिले गेले. टिल्टनमधली कॉलेजं धर्माशी नातं असलेली साधी कॉलेजं होती, या दोन संस्था तर धर्मविद्येसाठीच उभ्या होत्या. तिथल्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये अनुदानं रद्द केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, आधी वस्तुस्थिती नीट नोंदवा, मग आम्ही बघू, असं सांगून प्रकरण परत पाठवलं.

त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये प्रश्नच फिरला होता. २०१७ च्या ट्रिनिटी लूथरन निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खेळाच्या मैदानावर रबर बसवण्याचं सरकारी अनुदान केवळ चर्चची संस्था म्हणून नाकारता येत नाही. २०२० आणि २०२२ मध्ये शाळांच्या बाबतीत ते आणखी पुढे गेलं. लेमन निकालातून आलेली, सरकार धर्मात गुंततं का वगैरे बघणारी कसोटीही २०२२ मध्ये बाजूला टाकली गेली. १९७१ मध्ये लोक विचारत होते, सरकार धार्मिक कॉलेजला इमारत देऊ शकतं का. आता विचारतात, सरकार ती नाकारू शकतं का. १५ ऑगस्ट २०१९ ला अमेरिकी न्याय खात्याने कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक कॉलेजांच्या बांधकाम-कर्ज योजनेबद्दल मत दिलं. धार्मिक कार्य हेच ज्यांचं मुख्य काम आहे अशा संस्थांना या योजनेतून वगळण्याची जी अट होती, ती या नव्या निकालांच्या उजेडात घटनाबाह्य आहे, असं त्यात म्हटलं. मात्र उपासनेसाठीच मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या इमारतीला कर्ज नाकारता येईल, हे त्यांनीही मान्य केलं.

म्हणजे संस्थेवरची मनाई गळाली, इमारतीवरची थोडी उरली. मला हे पूर्ण चुकीचं वाटत नाही. चर्चच्या नावामुळे एखाद्या गरीब कॉलेजला प्रयोगशाळा नाकारणं अन्यायच आहे, विशेषतः ज्या कॉलेजांनी गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलांना पहिल्यांदा अक्षर शिकवलं त्यांच्या बाबतीत. भीती वेगळीच आहे. इमारतीला चिकटलेली अट हळूहळू पातळ होत गेली आणि तिच्या जागी त्या आवारात शिकणाऱ्या मुलाच्या मनाचं संरक्षण करणारं दुसरं काही आलं नाही, तर १९७१ च्या न्यायासनावरच्या नऊ माणसांपैकी एकालाही ते चाललं नसतं.

अ‍ॅनहर्स्टचं काय झालं ते सांगायचं राहिलं. साउथ वुडस्टॉकचं ते छोटं कॉलेज १९८० साली बंद पडलं. निकालानंतर नऊच वर्षांनी, मूळ कायद्याची वीस वर्षांची मुदतही पुरी होण्याआधी. धर्माचा त्यात काही भाग नव्हता, विद्यार्थी आणि पैसा कमी पडत गेला, जसं कितीतरी लहान कॉलेजांचं झालं. सरकारला आश्वासन लिहून देणारी संस्था उरली नाही. ते आवार पुढे दुसऱ्या शाळांच्या हाती गेलं.